बांध सरळ होता

परवा व्हिडिओ कॉलवर माझं नवं चित्र बघून तू विचारलंस, "आजी, झाडांना पानं का नाहीत? नुसतेच हिरवे डाग आहेत." तुझ्या आईने लगेच विषय बदलला, आणि तुझ्या धाकट्या भावाने कॅमेऱ्यासमोर त्याचा पडलेला दात आणून धरला. प्रश्न तसाच राहिला. आजोबांचं म्हणणं, लहान मुलांना असलं काही सांगू नये. मला वाटतं सांगावं, पण क्रमाने सांगावं. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. तिथे एखादं पुस्तक जागेवर सापडलं नाही की मी आधी शेजारचा कप्पा बघायची, मग वरचा, मग खालचा. हेही तसंच सांगते. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, पण तुमची आई तुम्हाला हे वाचून दाखवणार आहे, आणि तिच्या आवाजात तुम्ही मराठी ऐकावं असं मला वाटतं.

आम्ही मुंबई सोडून वसईत राहायला आलो, तेव्हा मी चित्रं काढायला लागले. गिरीजला माझी एक मैत्रीण आहे. शाळेत शिकवायची, आता निवृत्त आहे. तिच्या घराभोवती केळी आणि नारळाची वाडी आहे आणि वाडीच्या कडेला बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं जुनं तळं. आमची ओळख रंगांच्या दुकानात झाली. मी जलरंगाचा कागद घेत होते, ती तैलरंगाच्या ट्यूबा. ती म्हणाली, "पाण्याने रंगवतेस? वसईत? पावसाळ्यात वाळायचं कधी ते?" मी म्हटलं, "तुझं तेल तरी कुठे वाळतं?" तेव्हापासून आम्ही एकत्र बसतो.

पहिल्याच महिन्यात आम्ही दोघींनी एकाच जागी बसून ते बावखल रंगवलं. तिचं तळं काळंहिरवं, खोल, कडेच्या झाडांची सावली पोटात घेतलेलं. माझं तळं फिकट. त्यात पाणी कमी आणि आभाळच जास्त. आजोबांनी दोन्ही चित्रं भिंतीला टेकवून निरखून पाहिली आणि म्हणाले, "वहिनींच्या तळ्यात म्हैस बुडेल. हिच्या तळ्यात माशीसुद्धा ओली व्हायची नाही."

आम्ही दोघी हसलो, पण माझ्या डोक्यात ते राहिलं. तळं एकच होतं, दुपार एकच होती. मग फरक कुठून आला? तो सामानातून आला. जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. पांढरं म्हणजे कोरा कागद. पाण्यावर चमक हवी असेल तर तेवढी जागा आधी ठरवून कोरी सोडावी लागते. एकदा तिच्यावर रंग गेला की ती चमक परत मिळत नाही. म्हणून जलरंगवाला समोर बघतो तेव्हा आधी उजेड शोधतो. माझी मैत्रीण उलटं करते. ती आधी अंधार लावते आणि उजेड शेवटी, जाड रंगाने वर ठेवते. चुकलं तर सुरीने खरवडून काढते. तिला तळं खोल दिसलं, कारण तिचा हात खोलातून सुरू होतो. मला ते आभाळाएवढं दिसलं, कारण मला आभाळ वाचवायचं होतं.

पावसाळ्यातली माझी चित्रं तुमच्या आईला फार आवडायची. सगळ्या कडा विरघळलेल्या, नारळ धुक्यात गेल्यासारखे. "किती हळुवार आहे तुझी वसई," असं तिने कळवलं होतं, आणि मलाही ते खरं वाटलं होतं. मग एप्रिलमध्ये त्याच वाडीत बसले तर चित्र कोरडं, कडक, टोचणारं आलं. ब्रश कागदावर खरखरत जायचा, कारण रंग लावता लावता वाळत होता. तेव्हा कळलं की पावसाळ्यातला तो हळुवारपणा वसईचा नव्हता. दमट हवेत कागदाची खळ, म्हणजे रंग लगेच शोषू न देणारा लेप, मरते, रंग वाळत नाही आणि पसरत राहतो, एवढंच ते होतं. तेव्हापासून मी एक शिस्त लावून घेतली. चित्रात काही वेगळं दिसलं, तर आधी सामान तपासायचं.

ही शिस्त चांगली होती. तिच्यामुळेच माझे कितीतरी आठवडे वाया गेले.

गेल्या हिवाळ्यात आम्ही वाडीला कंटाळलो आणि नायगावच्या बाजूला मिठागरं रंगवायला जाऊ लागलो. वाडीत काहीच सरळ नसतं. नारळ वाकलेले, केळी झुकलेल्या, कुंपण कललेलं. मिठागरात सगळं आखलेलं असतं. पाण्याचे चौकोन आणि त्यांच्यामधून लांबवर जाणारे मातीचे बांध. मला ते फार आवडलं. सगळं कसं कप्प्याकप्प्यांत.

अशी जागा काढताना मोजावं लागतं. हात कोपरात न वाकवता पुढे करायचा, ब्रशचा दांडा आडवा धरायचा, एक डोळा मिटायचा आणि बांध दांड्याशी ताडून बघायचा. मग तीच रेघ कागदावर आणायची. मला फक्त उजवा डोळा मिटता येतो. डावा मिटायला गेलं की दोन्ही मिटतात. शाळेत असल्यापासून हे असंच आहे. त्यामुळे मोजायचं काम माझा डावा डोळा करतो आणि रंगवताना दोन्ही उघडे असतात. मैत्रीण मोजत नाही. ती डोळे बारीक करते आणि रंगाचे ठोकळे ठेवते.

पहिलं चित्र पूर्ण झाल्यावर ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.

"बाय, तुझा बांध मध्येच खचला की गं."

मी पाहिलं. दूरचा लांब बांध मधोमध खाली झुकला होता, ओल्या दोरीसारखा.

"कागद फुगलाय," मी म्हटलं. जलरंगाचा कागद ओला झाला की फुगतो, त्यावर लाटा येतात. हे तिलाही माहीत होतं.

घरी आल्यावर मी नवा कागद टबात भिजवला, प्लायवूडच्या फळीवर पसरला आणि चारही कडांना डिंकाची खाकी पट्टी लावली. वाळल्यावर असा कागद ढोलकीसारखा ताणला जातो, मग तो फुगत नाही. जेवणाचं टेबल त्यासाठी अडलं म्हणून आजोबा ताट मांडीवर घेऊन जेवले. "आमच्या घरात कागद टेबलावर आणि नवरा सोफ्यावर," असं त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं.

त्या ताणलेल्या कागदावरही बांध खचला. त्याच जागी.

मी फळी तपासली. ती सपाट होती. मग वाटलं, दुपारची धग असेल. मिठाच्या पाण्यावर ऊन तापलं की हवा थरथरते आणि दूरच्या वस्तू हलल्यासारख्या दिसतात. मैत्रिणीला मी तसं सांगितलं. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण म्हणाली एवढंच, "बरं. मग सकाळी जाऊ. झावळ्यांचा रविवार होऊ दे, त्याआधी मला देवळाच्या सजावटीतून सुटका नाही." ती ख्रिस्ती आहे, चर्चला देऊळच म्हणते, आणि तो त्यांचा ईस्टरआधीचा रविवार.

मधल्या दिवसांत आजोबांनी ते चित्र हॉलमध्ये लावलं. येणारे-जाणारे कौतुक करायचे. एक गृहस्थ म्हणाले, त्या वाकलेल्या बांधात काय भाव आहे. आजोबा म्हणाले, "भाव कसला, तो बांध हिच्यासारखा आहे. सरळ जायचं तर वाटेत एक वळण हवंच." मी हसले. पण त्या चित्राकडे बघायचं मी टाळू लागले. कारण मी तो बांध मुद्दाम वाकवला नव्हता, आणि आता कागद, फळी, धग यांच्यापुढचा कप्पा कुठला, हे मला माहीत होतं.

मग त्या सकाळी आम्ही गेलो. हवा स्वच्छ होती. धग नव्हती, वारा नव्हता, पाणी काचेसारखं होतं. कामगार फळ्यांनी मीठ ओढत होते. मी स्टुलावर बसले, हात पुढे केला, ब्रश आडवा धरला आणि उजवा डोळा मिटला.

बांध मधोमध खचलेला होता. आणि त्याच्यापुढे धरलेला ब्रशचा दांडाही वाकला होता.

मी उजवा डोळा उघडला. दांडा सरळ झाला. मिटला. लाकडी, पिवळ्या रंगाचा, वर्षानुवर्षं वापरलेला दांडा माझ्या हातात मेणासारखा वाकला. मी हात थोडा सरकवला तर वाकलेली जागा दांड्याबरोबर गेली नाही. मी जिथे बघेन तिथे ती येत होती. डावा डोळा मिटता येत नाही म्हणून मी तो तळव्याने झाकला. नुसत्या उजव्याने दांडा सरळ, बांध सरळ, जगातलं सगळं सरळ. पुन्हा उजवा मिटला आणि या वेळी शेजारी मैत्रिणीकडे पाहिलं. तिचे कान होते, केस होते, कपाळ होतं. चेहऱ्याच्या जागी मळक्या पाण्याचा एक डाग होता आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

मला वाटलं मी ओरडले. पण ओरडले नव्हते, कारण ती शांतपणे निळा रंग मिसळत होती.

"माझ्याकडे बघ," मी म्हटलं.

"बघतेय. काय झालं?"

"तो बांध सरळ आहे का?"

तिने बांधाकडे पाहिलंसुद्धा नाही. "पहिल्या दिवसापासून सरळ आहे. तूच म्हणत होतीस, कागद फुगलाय."

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले की! खचला म्हटलं. तू मला खळ आणि डिंक शिकवायला लागलीस." तिने ट्यूबांची टोपणं लावायला सुरुवात केली. "ऊठ. पाणी ओतून दे. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं."

"आधी घरी सांगते."

"घरी रिक्षातून सांग."

रिक्षात मी सारखा उजवा डोळा मिटून बघत होते. विजेचे खांब मधोमध मोडलेले दिसत होते. मैत्रिणीने शेवटी माझ्या डोळ्यांवर हात ठेवला आणि म्हणाली, "पुरे. बघून बघून ते नीट होणार नाहीये." तिच्या हाताला टर्पेंटाइनचा वास होता. मी तशीच अंधारात बसून राहिले. खरं सांगू, मला तो अंधार नकोसा झाला होता, पण हात काढ असं म्हणवेना.

डॉक्टर तुमच्या आईहूनही लहान दिसत होत्या. त्यांनी थेंब घातले, यंत्रापुढे हनुवटी टेकवायला सांगितली आणि डोळ्याच्या आतलं चित्र काढलं. पडद्यावर दाखवलं. मला ते निसर्गचित्रासारखंच दिसलं. एकावर एक मातीचे थर, आणि मधोमध जमीन फुगून वर आलेली.

"काकू, हा डोळ्याचा पडदा. हा सपाट पाहिजे. याच्या खाली नको त्या रक्तवाहिन्या आल्यात आणि त्यातून पाणी झिरपतंय. म्हणून तुम्हाला रेघ वाकडी दिसते."

म्हणजे कागद खरंच फुगला होता. फक्त तो फळीवर नव्हता.

"औषध?"

"इंजेक्शन. लवकर. दर महिन्याला, मग बघू."

"कुठे द्यायचं?"

"डोळ्यात."

"डोळ्यात म्हणजे डोळ्याच्या बाजूला?"

"नाही काकू, डोळ्यात. पण भूल देतो, दुखत नाही फारसं." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला कळलं कसं? तुमचा उजवा चांगला आहे. दोन्ही उघडे असले की तो दुसऱ्याचं झाकून घेतो. लोकांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही." मी त्यांना ब्रशचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "मोजत होतात ते बरं झालं." मैत्रीण मागून म्हणाली, "मोजून मोजून दोन महिने कागदाला शिव्या देत होती, तेही लिहा तुमच्या केसपेपरवर."

मी विचारलं, "दिसणं परत येईल?"

"सूज उतरेल. जेवढं गेलंय ते सगळं येईलच असं नाही. आणि उजव्यावर लक्ष ठेवायचं. त्यालाही होऊ शकतं."

त्या शेवटच्या वाक्यानंतर त्या काय बोलल्या ते मला आठवत नाही.

आजोबा दवाखान्यात आले. इतक्या वर्षांत मी त्यांना विनोदाशिवाय कधी पाहिलं नव्हतं. ते भिंतीवरचा डोळ्याचा तक्ता वाचत उभे राहिले. घरी गेल्यावर त्यांनी हॉलमधलं चित्र उतरवलं आणि कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

इंजेक्शनचं थोडक्यात सांगते. तोंडावर हिरवं कापड टाकतात, त्याला एका डोळ्यापुरतं भोक असतं. पापण्या चिमट्याने उघड्या ठेवतात. "वर बघा, हलू नका," म्हणतात. दुखलं नाही, दाबल्यासारखं वाटलं. पण डोळा मिटता येत नाही आणि काय येतंय ते माहीत असतं. मी मनात नातेवाइकांचे वाढदिवस म्हणत होते. मग माझ्या डोळ्याच्या आत, पाण्यात शाई सोडावी तशी एक काळसर रेघ शिरली आणि वळसे घेत पसरली. इतकी वर्षं मी रंग पाण्यात सोडत आले होते. तो असा आतून बघायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. बाहेर आल्यावर आजोबांनी विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "ओल्यावर ओलं." ओल्या कागदावर ओला रंग सोडायच्या पद्धतीला आम्ही तसं म्हणतो, पण ते त्यांना कळलं नाही.

काही इंजेक्शनांनंतर सूज उतरली. पडद्यावरची ती टेकडी बसली. डाव्या डोळ्याला बांध आता कमी वाकडा दिसतो, पण मधला मळका डाग राहिला आहे. तो राहणार आहे.

मी जलरंग पुन्हा लावून पाहिले. दोन्ही डोळे उघडे असले की दिसतं सगळं. पण बारीक कोरी फट सोडताना हात थांबतो. मी ती सोडली आहे की सोडली असं मला वाटतंय? एकदा शंका आली की ब्रश खाली येत नाही, आणि तोवर रंग वाळतो. पाण्याची चमक दोनदा गेली. तिसऱ्यांदा मी कागद फाडला. मैत्रिणीने ते पाहिलं आणि तिची सुरी आणि तैलरंगाच्या ट्यूबा माझ्या हातात दिल्या.

"हे घे. चुकलं तर खरवड. आणि एक डोळा मिटू नकोस, दोन्ही अर्धे मिट."

डोळे बारीक केले की पानं नाहीशी होतात. आंब्याचं झाड म्हणजे एक जड, काळपट हिरवा ढीग, त्याच्या एका अंगाला ऊन. केळी म्हणजे उभा पोपटी पट्टा. मोजायचं काही नाही, फक्त कुणाच्या शेजारी कोण जड आणि कोण हलकं एवढं ठरवायचं. तू पाहिलेले हिरवे डाग ते हे. पानं मला दिसत नाहीत असं नाही, तशी दिसतात. या सामानाने पानांपाशी पोचताच येत नाही. खरं सांगायचं तर ही चित्रं मला अजून फारशी आवडत नाहीत. मैत्रीण म्हणते, "तुला कप्पे लागतात. याच्यात कप्पे नाहीत म्हणून तू रडतेस." असेल. पण मी इतकी वर्षं वसईला जे सरळ, स्वच्छ आणि उजळ समजत होते, त्यातलं किती वसईचं होतं, किती कागदाचं आणि किती माझ्या चांगल्या डोळ्यांचं, हे मला आता सांगता येत नाही.

रोज सकाळी चहाआधी मी डावा डोळा झाकून उजव्याने चौकोनांचा कागद बघते. डॉक्टरांनी तो दिला आहे, फ्रिजवर लावला आहे. मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा सरळ आहेत का ते पाहायचं. तेवढा वेळ स्वयंपाकघरात कुणी बोललेलं मला चालत नाही. आजोबा दूध हातात घेऊन उभे राहतात. मी "ठीक" म्हटलं की ते गॅस पेटवतात.

आता शेवटचं. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात कुणाला होतं का?" माझी आई शेवटी भिंत चाचपत चालायची, माणसं आवाजावरून ओळखायची. आम्ही त्याला म्हातारपण म्हणत होतो. डॉक्टर म्हणाल्या, मग मुलीलाही तपासून घ्यायला सांगा. ते मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले, कारण तिने तपासलं आणि काही निघालं तर, या वाक्याच्या पुढे मला जाता येत नव्हतं.

परवा तू पानांचं विचारलंस आणि तुमच्या आईने विषय बदलला, तेव्हा मला कळलं की ती माझ्यासाठी घाबरते आहे आणि स्वतःबद्दल तिला काहीच माहीत नाही. काल मी तिला फोन केला. सगळं सांगितलं. मग म्हटलं, "समोर दाराची चौकट आहे ना? एक डोळा झाक आणि तिच्याकडे बघ."

"आई, मी ऑफिसात आहे. लोक बघतायत."

"बघू देत. ऑफिसला दार आहे ना?"

"डॉक्टरकडे जाते ना मी, पुढच्या आठवड्यात."

"जा. पण आत्ता झाक."

ती हसली, मग हसायची थांबली. फोनमधून कुणाच्यातरी टाइप करण्याचा आवाज येत होता. मी खुर्चीची पाठ धरून उभी होते.

"सरळ आहे," ती म्हणाली.

"आता दुसरा."

या वेळी तिला जास्त वेळ लागला. आजोबा दारात आले होते. त्यांनी मला हाताने विचारलं, मी त्यांना हातानेच थांबवलं.

"सरळ आहे गं, आई."

"नक्की?"

"नक्की. वरपासून खालपर्यंत." आणि मग अगदी हळू, लहानपणी विचारायची तशी, "रोज बघायचं का?"

"रोज," मी म्हटलं.